ग्रंथपालाचा अधिकार

वेदान्ताच्या परंपरेत ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट कराव्या लागतात: ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन कोणते, विषयाचा आणि ग्रंथाचा संबंध काय, आणि तो ग्रंथ वाचण्यास पात्र कोण. या चौकडीला अनुबंधचतुष्टय म्हणतात, आणि सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’सारख्या प्रवेशग्रंथातही तिची चर्चा प्रारंभीच येते. या चारांपैकी पात्र वाचक, म्हणजे ‘अधिकारी’, हाच सर्वांत वादग्रस्त ठरला. शंकराचार्यांनी ब्रह्मविद्येसाठी नित्य आणि अनित्य यांचा विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ ही साधने आवश्यक मानली, आणि ही सारी मनाच्या तयारीची लक्षणे आहेत. परंतु त्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्यात पुढे शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असा निर्णय येतो, आणि तेथे मनाच्या तयारीचा प्रश्न मागे पडून जन्म पुढे येतो. तयारी आणि जन्म या दोन अगदी वेगळ्या कसोट्या एकाच संकल्पनेत नांदत राहिल्या, आणि व्यवहारात दुसरीने पहिलीला गिळून टाकले.

शालेय ग्रंथपालाची पदवी आणि प्रमाणपत्र हा विषय वरवर पाहता नोकरीपुरता आणि वेतनश्रेणीपुरता वाटतो. त्याच्या तळाशी मात्र हाच जुना प्रश्न आहे. ज्ञानाच्या दारात पात्रता कोणी सिद्ध करायची, आत येणाऱ्याने की दार सांभाळणाऱ्याने?

मराठी संतपरंपरेने या प्रश्नाचा अर्धा भाग फार पूर्वी सोडवला. ज्ञानेश्वरांनी 1290 च्या सुमारास गीता मराठीत आणली, आणि अठराव्या अध्यायात वेदाच्या संपन्नतेचा गौरव करताना तो तीन वर्णांच्याच कानी लागतो म्हणून त्याला कृपण ठरवण्याचे धार्ष्ट्यही दाखवले. गीता ही त्या कृपणतेवरची भरपाई आहे, असा त्यांचा रोख आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्याची जी कथा परंपरा सांगते, तिच्या मुळाशीही अधिकाराचाच आक्षेप होता. वाचकाचा अधिकार जन्माने ठरू नये, एवढे या दोन्ही प्रसंगांनी मराठी मनावर ठसवले. ग्रंथ राखणाऱ्याच्या पात्रतेचा विचार मात्र त्या मानाने थोडाच झाला. त्याला ठळक अपवाद रामदासांचा. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात अक्षराचे वळण, ओळींमधले अंतर, पानाच्या कडेची मोकळी जागा, बरू आणि शाई यांचा इतका बारकाईने विचार आहे, आणि ग्रंथाच्या शेवटचे अक्षर पहिल्या अक्षरासारखेच उतरले पाहिजे हा आग्रह इतका स्पष्ट आहे, की मराठीतील ग्रंथव्यवस्थेची पहिली पाठ्यपुस्तिका म्हणून त्या समासाकडे पाहता येईल.

प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग विसाव्या शतकात एका गणिताच्या प्राध्यापकाने हाती घेतला. शियाळी रामामृत रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांच्याजवळ ग्रंथालयाचे कोणतेही प्रशिक्षण नव्हते, आणि त्या एकाकी कामाला कंटाळून ते अध्यापनाकडे परतण्याच्या विचारात होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील शिक्षणाने आणि इंग्लंडमधील सार्वजनिक ग्रंथालयांच्या दर्शनाने त्यांचे मन पालटले. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांचा आशय असा: ग्रंथ वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. या सूत्रांकडे सहसा व्यवस्थापनाचे नियम म्हणून पाहिले जाते. परंतु दुसऱ्या सूत्रात अधिकारभेदाचा सिद्धान्त, म्हणजे प्रत्येकाच्या तयारीनुसार ज्ञानाची वाट वेगळी असते हा विचार, मोडीत न काढता उलटा फिरवला आहे. वाचक वेगवेगळे असतात हे रंगनाथनांनाही मान्य आहे; मात्र त्या वेगळेपणाचा दंड वाचकाने भरायचा नाही, ते ओळखण्याचे कष्ट ग्रंथपालाने घ्यायचे. पात्रतेचे ओझे असे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले, आणि ग्रंथपालाच्या पदवीला खरा अर्थ येतो तो येथे.

ही पात्रता मिळवण्याची महाराष्ट्रातील वाट सर्वपरिचित आहे. ग्रंथालय संचालनालयाच्या अखत्यारीत ग्रंथालय संघांमार्फत चालणारा प्रमाणपत्र वर्ग ही पहिली पायरी. पदवीधरांसाठी त्यापुढे ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदवी, आणि मग पदव्युत्तर पदवी, जी नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेतून शिकण्याची सोय झाल्यावर आडगावातल्या उमेदवारांच्याही आवाक्यात आली. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत शालेय ग्रंथपालाला राज्याचा परवाना लागतो, आणि अनेक ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासाबरोबर अध्यापनाचे प्रशिक्षणही. तेथे तो शिक्षक मानला जातो, येथे शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोजला जातो.

या अभ्यासक्रमातील वर्गीकरण आणि तालिकीकरण हे विषय विद्यार्थ्यांना कोरडे वाटतात, आणि ते तसे शिकवलेही जातात. वस्तुतः वर्गीकरण ही उपयोजित तत्त्वमीमांसा आहे. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय या पदार्थांत अस्तित्वाची विभागणी केली. रंगनाथनांनी आपल्या द्विबिंदू पद्धतीसाठी पुढे व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काल अशा पाच मूलभूत कोटी मांडल्या, आणि दोन्हीकडची ओढ एकच आहे. एखादी ज्ञानेश्वरी दाखल नोंदवहीत चढली, तिच्यावर शाळेचा शिक्का उमटला, आता पुठ्ठ्याच्या कण्यावर चिठ्ठी डकवायची आहे, त्या वेळी ड्यूईच्या दशांश पद्धतीत तिला भगवद्गीतेच्या 294.5924 या अंकाखाली ठेवायचे, मराठी काव्याच्या 891.461 मध्ये ठेवायचे, की भारतीय तत्त्वज्ञानाच्या 181.4 शेजारी? उत्तर काहीही दिले तरी तो ग्रंथ काय आहे याविषयीचा एक निर्णय त्या चिठ्ठीवर उमटतो, आणि पुढची अनेक वर्षे त्या फळीपुढे उभे राहणारे मूल तो निर्णय नकळत स्वीकारते. 1876 पासून चालत आलेल्या याच पद्धतीत धर्माच्या दोनशेच्या वर्गातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली आहे, आणि हिंदू, बौद्ध, जैन, इस्लाम हे सारे 290 च्या एका विभागात दाटीवाटीने बसवले आहेत. प्रशिक्षित ग्रंथपालाला ही खोट माहीत असते, आणि अंक लावताना ती कोठे सावरायची हेही तो जाणतो. ज्याला केवळ पुस्तके मोजून कपाटात रचायची आहेत, त्याला खोटही दिसत नाही आणि तिची भरपाईही सुचत नाही.

पदवीचा हा कैवार शिरोड्यात मात्र एका अवघड उदाहरणापाशी अडखळतो. वेंगुर्ले तालुक्यातील या किनारी गावातील इंग्रजी शाळेत वि. स. खांडेकर 1920 मध्ये शिक्षक म्हणून आले आणि 1938 पर्यंत तेथे राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सुटल्याने त्यांच्याजवळ पदवी नव्हती. पुढे ‘ययाति’साठी ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणाऱ्या या लेखकाला आजच्या नियमांनुसार माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून नेमता आले नसते, आणि ग्रंथपाल म्हणूनही नाही. त्यांच्याच वास्तव्यात, मे 1930 मध्ये, शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, आणि समुद्राने सर्वांसाठी दिलेल्या वस्तूवर परवान्याची अट घालण्याचा सरकारचा हक्कच सत्याग्रहींनी नाकारला. मग ग्रंथपालाचे प्रमाणपत्र हाही तसाच एक परवाना नव्हे काय?

हा आक्षेप वाटतो तितका सबळ नाही. मिठाचा कायदा मीठ खाणाऱ्याच्या आड येत होता. ग्रंथपालाचे प्रमाणपत्र वाचणाऱ्याच्या आड येत नाही, ते ग्रंथ देणाऱ्यालाच बांधून घेते. खांडेकरांचे उदाहरणही पदवी निरर्थक असल्याचे सिद्ध करत नाही. पात्रतेचे सगळेच प्रकार परीक्षेच्या कक्षेत येत नाहीत, एवढेच ते दाखवते. प्रतिभावंत अपवाद गावाच्या वाट्याला कधीतरी येतो. शाळा दर जूनमध्ये उघडते, आणि तिला किमान पात्रतेची हमी दरवर्षी हवी असते.

अधिकाराच्या कल्पनेची खरी परीक्षा होते ती शालेय ग्रंथालयात, कारण तेथील वाचक अजाण असतो. सार्वजनिक वाचनालयातील प्रौढ सभासदाला काय वाचावे हे सांगण्याचा हक्क कोणालाच नाही; आठवीतल्या मुलाच्या बाबतीत मात्र निवड करणे भागच असते, आणि वयानुरूप निवडीच्या वाटेने जुना अधिकारभेद पुन्हा आत शिरू पाहतो. शिरू द्यावा तो तयारीच्या अर्थाने, तोही सैल हाताने. मूल स्वतःच्या तयारीचा बऱ्यापैकी चांगला परीक्षक असते. न कळणारे पुस्तक ते चार पानांत मिटते, आणि कधी दोन वर्षांनी पुन्हा मागते. त्या मिटण्याची आणि मागण्याची नोंद घेणे, आणि दरम्यान शेजारचे पुस्तक सहज पुढे सरकवणे, याला संदर्भसेवा म्हणतात. तिच्यावर अभ्यासक्रमात प्रश्नपत्रिका असते. तिला लागणारी नजर मात्र प्रश्नपत्रिकेतून येत नाही, ती मुलांमध्ये वावरून येते.

आणि नेमके हे वावरणेच दुर्मीळ आहे. कोकणातील दमट हवेत कसर आणि वाळवी यांच्यापासून पुस्तके जपणे हे मोठेच काम असते, परंतु पुस्तके बंद कपाटात राहण्याचे कारण नेहमी पावसाळा नसतो. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्याच माथी येईल आणि निर्लेखनाचे कागद रंगवत बसावे लागेल, या भीतीने किल्ली खिशात राहते, आणि ‘वापरासाठी’ हे पहिले सूत्र परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवणारा ग्रंथपालही कपाट उघडत नाही. यात दोष त्या एकट्याचा नाही. ज्या व्यवस्थेत पद मंजूर होणे विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असते, ग्रंथपाल अनेकदा अर्धवेळ असतो, आणि वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असलाच तर तो बदली तासासाठी प्रथम कापला जातो, त्या व्यवस्थेने पात्रता मागितली खरी, पण ती वापरण्याची जागा दिली नाही. शिक्षण संस्थांच्या चालकांनी निदान दोन गोष्टी आपल्या हाती आहेत हे ध्यानात घ्यावे: मुलांच्या वापरात हरवलेल्या आणि फाटलेल्या पुस्तकांसाठी ग्रंथपालाला जबाबदार धरू नये, आणि प्रत्येक वर्गाचा आठवड्यातला एक तास ग्रंथालयाच्या नावे राखून ठेवून तो कोणत्याही कारणाने काढून घेऊ नये.