लाल पट्टी दिसली की थांब

सोलापूर

चि. भाऊस,

तुझा मेसेज वाचला. प्राप्तिकर खात्याची एक्सेल युटिलिटी उघडते, पण बटण दाबलं की काहीच होत नाही. त्यावर कुणीतरी तुला सांगितलंय की ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन 'इनेबल ऑल मॅक्रोज' करून टाक. तसं करू नकोस. केलं असशील तर आधी पूर्ववत कर आणि मग पुढचं वाच.

भाऊ, तुझ्या सेंटरमधल्या त्या एका मशीनवर निम्म्या सास्तूर गावाचे आधार, पॅन, पासबुकं पडलेली असतात. मॅक्रो म्हणजे फाइलच्या पोटात दडलेला प्रोग्रॅम. तो हिशेब करतो तशा फाइली पुसूही शकतो, बाहेर पाठवूही शकतो. मार्च १९९९मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या साध्या फाइलीतूनच पसरला. फाइल उघडली की तिच्यातला मॅक्रो आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर तीच फाइल धाडायचा. ती सेटिंग एकदा उघडी टाकलीस की पुढं कुणी आणलेल्या फाइलीतला मॅक्रो तुला न विचारता चालू शकेल. लोक विश्वासानं कागद देतात तुझ्याकडे.

आता तुझ्या अडचणीचं. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज एक खूण ठेवतं. २०२२पासून मायक्रोसॉफ्टनं अशा खुणेच्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. म्हणून पूर्वीची पिवळी पट्टी आणि 'इनेबल कंटेंट'चं बटण दिसत नाही. लाल पट्टी येते आणि तिच्यावर परवानगीचं बटणच नसतं. उपाय सोपा आहे. एक्सेल बंद कर. खात्याच्या पोर्टलवरून स्वतः उतरवलेल्या झिप फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'पुढे टिक, ओके. मग झिप उलगड. आधी उलगडलीस तर ती खूण आतल्या फाइलींनाही लागते, मग त्यांच्यावर हेच करावं लागतं. जीएसटीच्या ऑफलाइन एक्सेल फाइलींनाही हेच लागू.

तू विचारलंयस की तीच फाइल मित्राच्या पेनड्राइव्हवरून आणली तर कशी चालली. बहुतेक पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये ती खूण टिकतच नाही, म्हणून चालली. तेव्हा पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलीला तर जास्तच सांभाळ. पट्टी आली नाही याचा अर्थ फाइल चांगली आहे असा होत नाही.

तू बचत गटाच्या फाइलीचंही विचारलंयस. तिचं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि ते मराठीत काम करणाऱ्यांनाच जास्त छळतं. तिथं मॅक्रो चालतो, पण मध्येच एरर ९ येते, 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज'. म्हणजे कोड ज्या नावाची शीट शोधतोय ती त्याला सापडत नाही. तू टॅबचं नाव बदलून 'बचत' केलंस ना? कोडमध्ये जुनंच नाव राहिलं. बरं, तिथं मराठी नाव लिहायला जावं तर ओळीत नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. तुझा फॉन्ट बिघडलेला नाही. मॅक्रो लिहायची ती खिडकी जुनी आहे, तिला युनिकोड देवनागरी पेलत नाही. मेसेज बॉक्सचीही तीच गत. म्हणून ऑल्ट एफ११ दाबून डावीकडे बघ. प्रत्येक शीटला दोन नावं असतात, कंसातलं टॅबचं आणि कंसाबाहेरचं कोडचं. कोडमध्ये कंसाबाहेरचं नाव वापर. मग गटातल्या बायकांनी टॅबला काहीही नाव दिलं तरी अडणार नाही. आणि मराठी सूचना दाखवायची असेल तर ती शीटवरच्या एखाद्या सेलमध्येच लिहून ठेव.

कोडला हात लावण्याआधी फाइलची प्रत काढून दुसऱ्या ठिकाणी ठेव. १९९३च्या भूकंपात ढिगाऱ्याखाली गेलेले कागद पुन्हा उभे करायला आबांनी किती खेटे घातले, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बचत गटाची फाइल म्हणजे त्या बायकांच्या पैशांची वही आहे.

आणखी थोडं. एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह केलेल्या फाइलीत मॅक्रो राहतच नाहीत, एक्सएलएसएम निवड. सेव्ह करताना एक्सेल इशारा देतं, तो न वाचता 'येस' दाबू नकोस. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत, तेव्हा तिथं उघडून बघण्यात वेळ घालवू नकोस. जुनी फाइल नव्या ६४-बिट ऑफिसमध्ये 'डिक्लेअर'च्या ओळीवर अडली तर तिथं 'पीटीआरसेफ' हा शब्द लागतो. तेवढ्यानं भागलं नाही तर मला विचार. आणि टूल्समधल्या रेफरन्सेसमध्ये 'मिसिंग' लिहिलेलं काही दिसलं तर आधी ते बघ, कारण त्यापायी तारखेचं साधं फंक्शनसुद्धा अडतं.

यातून सुटलं नाही तर फोन करण्याआधी डीबग दाब आणि पिवळ्या झालेल्या ओळीचा आणि एररच्या नंबराचा फोटो पाठव. नुसतं 'चालत नाही' म्हणालास तर मला इथून काही कळत नाही. फोटोत कुणाचा पॅन किंवा खातेनंबर दिसत असेल तर तेवढा भाग झाकून मगच पाठव.

तुझी,
अक्का