कळसूबाईचा केर

कळसूबाई १६४६ मीटर, जुन्या मापानं ५४०० फूट. अख्ख्या महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट चढते. कड्याला लोखंडी शिड्या आहेत, म्हणून माझ्यासारखे पोट सुटलेलेही माथ्यावरच्या देवळापर्यंत पोचतात.

आजी सांगायची, कळसू परक्या घरी कामाला राहिली ती अटीवर. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस घरच्यांनी बळंच करायला लावलं. तेवढं काम उरकून पोर डोंगरावर निघून गेली, ती कायमचीच.

दिवाळीनंतर हापिसातल्या सोबत्यांना घेऊन गेलो. शिडीखाली एक म्हातारी लिंबूसरबत विकत होती. पाणी खालून डोक्यावर आणलेलं. एकानं पाच रुपयांसाठी घासाघीस केली, प्यायला आणि पेला दगडामागं भिरकावला. मी गप्प. उद्या त्याच्याच शेजारी बसायचं होतं ना!

म्हातारी उठली, पेला गोणीत टाकला.

"आजी, तुम्ही कशाला उचलता?"

"आईच्या दारात केर कसा ठिवायचा, बाबा?"

तिच्या लेखी ती सेवा. पण जे काम देवीनं नाकारलं, तेच आम्ही तिच्या लेकीच्या गळ्यात घातलं. तिची तक्रार नाही, म्हणून आमचा गुन्हा हलका होतो का? मला तसं वाटत नाही.

उतरताना मी गोणी मागितली.

"थांब," ती म्हणाली, "अजून अर्धीच भरलीय."