लेबल वाचल्याशिवाय पोतं उसवायचं नाही

मान वर कर. दहावीत शेकडेवारीची गणितं फळ्यावर येऊन सोडवायचास, आणि आज दुकानदार "दूध वाढेल" म्हणाला की पशुखाद्याचं पोतं उचलून मोकळा होतोस? हेंद्रेपाड्यात गोठा टिकवणं सोपं राहिलेलं नाही. चरायची रानं इमारतींखाली गेली, हिरवा चारा विकतचा. सगळी मदार पोत्यावर, आणि त्याच्या तोंडाशी शिवलेला कागद तू न वाचता फाडून फेकतोस!

'कच्ची प्रथिने किमान 20 टक्के' म्हणजे 50 किलोच्या पोत्यात निदान 10 किलो. किमतीला दहाने भाग. किलोभर प्रथिन कितीला पडलं ते कळेल. स्वस्त पोतं खरंच स्वस्त आहे का, ते तिथे ठरतं. तंतू, ओलावा, रेती यांच्यापुढे मात्र 'कमाल' असतं. आम्लात न विरघळणारी राख 4 टक्के लिहिली असेल तर पोत्यात दोन किलोपर्यंत रेती-माती असू शकते. तू तंतूचा मोठा आकडा बघून खूश झालास! किमान-कमाल पुन्हा शिकवू का?

प्रथिनाच्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नकोस. प्रयोगशाळेत सहसा नत्र मोजतात आणि 6.25 ने गुणतात. युरियात 46 टक्के नत्र असतं. खाद्यात एक टक्का युरिया मिसळला की कागदावर जवळपास 3 टक्के प्रथिन वाढतं. म्हशीच्या पोटातले जंतू त्याचं प्रथिन करतात, पण त्यांना सोबत मळी, धान्य लागतं. प्रमाण चुकलं तर मोठं जनावरही फुगून, तोंडाला फेस येऊन दगावतं. आणि तू तेच खाद्य दूधपित्या पारडाला घातलंस. त्याचं पोट अजून तयार नाही, ते नत्र त्याच्या कामाचं नाही. लेबलवर आकडा भरतो, पारडू वाळतं.

वर पावसाळ्यात पोतं उघड्या जमिनीवर टेकवलंस. बुरशी धरली, ती झटकून म्हशीपुढे ओतलंस. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं, उकळून जात नाही. दुधात किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅमच्या वर कायद्याला चालत नाही. तुझं दूध लहान पोरं पितात रे!

आत्ता घरी जा, बुरशीचं पोतं गोठ्याबाहेर काढ. बाकीची फळ्यांवर, भिंतीपासून लांब रच. उद्या नव्या पोत्याचं लेबल आणि वही घेऊन ये.