सोसायटीचे फाटक आणि द्वारकामाई

धूपखेड्याच्या चांदभाई पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर एक तरुण फकीर शिर्डीत आला आणि खंडोबाच्या देवळापाशी तिथले पुजारी म्हाळसापती यांनी त्याला ‘साई’ म्हणून साद घातली, ही कथा भक्तांना पाठ आहे. तिचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. फकिराला ते देऊळ मुक्कामासाठी आवडले, तेव्हा याच म्हाळसापतींनी त्याला मुसलमान समजून आत राहू देण्यास हरकत घेतली, अशी आख्यायिका आहे. फकीर तिथून निघाला आणि पुढे पडक्या मशिदीत, म्हणजेच द्वारकामाईत, राहिला. हरकत घेणारा माणूस दुष्ट नव्हता. देवळाचे पावित्र्य राखणे हे तो आपले काम समजत होता. म्हणूनच तो प्रसंग आजही जड जातो. ज्या जागेची राखण आपल्याकडे आहे, तिथे कोणी राहावे हे त्याच्या धर्मावरून ठरवण्याचा अधिकार आपल्याला असतो का? आज हा प्रश्न पुजाऱ्यापेक्षा गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यकारिणीपुढे अधिक वेळा येतो.

कायद्याने यावर दोन दिशांची उत्तरे दिली आहेत. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातील तेविसावे कलम खुल्या सदस्यत्वाचे आहे. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारू नये, असे ते सांगते. दुसरीकडे, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका झोरास्ट्रियन गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सदस्यत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. लोकांना संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य आहे, सदस्य नियम ठाऊक असताना संस्थेत आला आहे आणि मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात, असा त्या निकालाचा आशय होता. गुजरातच्या कायद्याखालचा तो निकाल कायदा म्हणून समजण्याजोगा आहे. पण न्यायालयाने जे वैध म्हटले ते उचितही आहे, असे त्यातून निघत नाही. तो विचार आपला आपणच करायचा असतो.

माझे म्हणणे असे की, सोसायटीला मित्रमंडळ समजण्यातच मूळ चूक आहे. पंक्तीला कोणाला बसवायचे, मुलगी कोणाच्या घरी द्यायची, भजनाला कोणाला बोलवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मंडळ सोडले की त्याचे नियमही सुटतात. सोसायटीचे तसे नाही. तिची नोंदणी निबंधकाकडे होते, तिचे उपविधी सदस्याला बांधतात, थकलेला मेंटेनन्स वसुलीचा दाखला मिळवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येतो. पाणी, लिफ्ट, जिना, गच्ची, पार्किंग यांवर तिचा ताबा असतो. ज्याच्या हाती वसुली आणि शिस्त दोन्ही आहेत, ते घराघरांचे छोटे सरकारच म्हणायला हवे. सरकारने नागरिकाला ‘तुझा धर्म कोणता’ असे विचारून दार उघडू नये, हे आपण मान्य केले आहे. मग सरकारकडून उसनी घेतलेली सत्ता वापरताना तोच प्रश्न विचारण्याची मुभा कुठून येते? सत्ता सार्वजनिक आणि पसंती खाजगी, हे दोन्ही एकाच हाती ठेवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप अल्पसंख्य समाजाचा आहे आणि तो हलका नाही. २०११ च्या जनगणनेत देशात पारशी फक्त ५७,२६४ होते. इतक्या थोड्या लोकांनी आपली भाषा, आपले रीतिरिवाज टिकवण्यासाठी एकत्र राहायचे ठरवले, तर त्यात द्वेष शोधणे अन्यायाचे ठरेल. समाजातल्या दात्याने गरीब ज्ञातिबांधवांसाठी दिलेल्या जमिनीवरची वसाहत हे दान आहे. त्या दानाचा हेतू पाळला पाहिजे. परंतु बाजारात विकल्या जाणाऱ्या फ्लॅटची सोसायटी हे दान नव्हे. शिवाय मूठभरांनी एक फाटक बंद केले तर बाहेरच्यासाठी सारे गाव उरते. बहुसंख्यांनी एकेक करून सगळी फाटके बंद केली, तर बाहेरच्याला कुठलेच गाव उरत नाही. उपविधीचे शब्द दोन्हीकडे सारखे असले तरी त्यांचे वजन सारखे नसते. ही रेषा प्रत्येक समितीच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा कायदेमंडळाने आखावी.

दुसरा आक्षेप रोजच्या जगण्याचा आहे: आम्ही शाकाहारी, शेजारच्या स्वयंपाकाचा वास आम्हाला सोसत नाही, द्वारकामाई हे देवस्थान होते, आमचे घर आहे. पण द्वारकामाई हे साईबाबांचे राहते घरही होते. तिथे धुनी पेटत असे, तिथेच ते झोपत आणि तिथेच हंडी चढत असे. हेमाडपंतांच्या ‘श्री साईसच्चरिता’त त्या हंडीचे वर्णन आहे. तीत कधी गोड भात, कधी मांसाचा पुलाव शिजे. मांस खाणाऱ्यांना ते प्रसाद म्हणून मिळे, न खाणाऱ्यांना शिवूही दिले जात नसे. एकाच छताखाली दोन आहार नांदत होते आणि प्रत्येकाचा नेम त्याच्या स्वतःच्या पानापुरता होता. सोसायटीने कचरा वेळेवर टाकावा, चिमणी बसवावी, रात्री दहानंतर आवाज नको असे नियम करावेत आणि ते सर्वांना सारखेच लावावेत. तो वागण्याचा नियम झाला. आडनाव पाहून घर भाड्याने देण्यास आडकाठी करणे हा जन्माचा नियम आहे आणि पहिल्याचे कारण सांगून दुसरा चालवणे अप्रामाणिक आहे. भाडेकरू ठेवताना सदस्याने सोसायटीला कळवायचे असते. पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही, हे आदर्श उपविधींनीच स्पष्ट केले आहे. तरीही समित्या ‘ना हरकत’ हा शब्द सोडत नाहीत, कारण त्या शब्दात नकार लपवता येतो. लेखी कारण नसलेल्या नकाराला आव्हान देणेही अवघड जाते.

तिसरा आक्षेप उरतो: मने जुळत नसतील तर कायद्याने जुळतील काय? नाही जुळणार. पण मने जुळण्यासाठी माणसे आधी एका जिन्यावर भेटावी लागतात. कायद्याने एवढेच करायचे आहे. पुढचे काम साईबाबांच्या शिकवणीतल्या सबुरीचे. ही सबुरी फक्त रांगेत दर्शनाची वाट पाहण्यापुरती नसावी. परक्याच्या सवयी लागलीच न तोलण्याची ती क्षमता आहे. देवळात फकिराला राहू देण्यास हरकत घेतल्याचे ज्यांच्याविषयी सांगतात, ते म्हाळसापती पुढे अनेक वर्षे त्याच फकिराच्या मशिदीत रात्री झोपायला जात. ते, बाबांचे भक्त तात्या कोते आणि बाबा पायाला पाय लावून निजत, असे ‘साईसच्चरित’ सांगते. मशिदीने त्यांना आत येताना धर्म विचारला असता, तर ही ओळख होण्याची वेळच आली नसती.