कुळ कोणाच्या शब्दावर?

कन्यादानाच्या वेळी आम्ही भिक्षुक दोन्हीकडच्या तीन-तीन पिढ्या उच्चारतो. पणजोबा, आजोबा, बाप, आणि त्याआधी गोत्र. सोलापुरात यजमानाला गोत्र विचारलं की तो हमखास बायकोच्या तोंडाकडे बघतो. तिलाही आठवलं नाही तर काश्यप म्हणायचं, ही जुनी मुभा आहे. मुंडावळ्या बांधलेला एखादा इंजिनिअर मग हळूच विचारतो, ‘गुरुजी, हे सगळं खरं कशावरून?’

त्याला मी अक्कलकोटच्या भोसल्यांची गोष्ट सांगतो. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याकडे निघाले होते. वाटेत पारद गावाशी त्यांची चकमक झाली आणि तिथले पाटील सयाजी लोखंडे पडले. पाटलीणबाईंनी आपलं लेकरू, राणोजी, शाहूंच्या पायावर घातलं. शाहूंनी त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं आणि त्याला भोसले हे आडनाव दिलं. शाहूंच्या वाड्यातल्या विरूबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे त्याला अक्कलकोटची जहागीर मिळाली. फत्तेसिंह १७६० मध्ये वारले. त्यांच्यामागे गादीवर आलेले शहाजी दत्तकच होते, तेही लोखंड्यांच्या घरातले. म्हणजे नाव भोसल्यांचं आणि रक्त पुन्हा पारदचं! आमचा इंजिनिअर इथे हसतो. ‘मग ते खरे भोसले नव्हेतच.’

पण खरे म्हणजे कोण? साताऱ्याच्या गादीसाठी शाहूंनी फत्तेसिंहांना नेमलं नाही. शिवाजी महाराजांच्या रक्ताचा वारस हवा होता. महाराजांच्या सूनबाई ताराबाईंनी सांगितलं, माझा नातू लपवून वाढवलाय. त्या शब्दावर रामराजा गादीवर आला. शाहू १७४९ च्या डिसेंबरात गेले, आणि थोड्याच काळात त्याच ताराबाई म्हणू लागल्या की हा माझा नातू नव्हेच. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही त्यांनी घेतली. रक्ताचा दाखला आजीच्या जिभेवर, आणि आजीने जीभ फिरवली. तरी रामराजा १७७७ पर्यंत छत्रपती राहिला. पाटलीणबाईंच्या लेकराला दिलेला शब्द मात्र कोणी मागे घेतला नाही. या दोघांत कोणाचं कुळ पक्कं, ते मला विचाराल तर मी अक्कलकोटच्या बाजूने मत देईन.

याच गावात १८५७ च्या सुमारास स्वामी समर्थ आले. त्यांचा बाप कोण, गाव कोणतं, काही ठाऊक नाही. अक्कलकोटचे राजे मालोजीराजे त्यांच्या दर्शनाला जात. वाड्यातल्या माणसाला आपली वंशावळ पाठ, आणि तो माथा टेकवतोय ते वंशावळच नसलेल्या माणसापुढे. भक्तांना मात्र ते रिकामपण सोसलं नाही. त्यांनी स्वामींना थेट दत्तावतारी नृसिंह सरस्वतींशी जोडून दिलं. कुळावाचून माणूस आपल्याला बघवतच नाही, संन्यासीसुद्धा.

पदव्यांचं तसंच. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. तरी अक्कलकोटात ‘राजेसाहेब’ म्हणणारे आजही भेटतील.

मग रक्त म्हणजे काहीच नाही का? तसं म्हणायला शास्त्र मला मुभा देत नाही. मनुस्मृती सांगते की दत्तक गेलेल्याला जन्मदात्याचं गोत्र राहत नाही, मिळकत नाही, त्याने द्यायचा पिंडही नाही. इथवर सगळं शब्दावर चालतं. पण लग्नाचा विषय निघाला की शास्त्र जन्मघर विसरू देत नाही. १९५६ च्या दत्तक कायद्यातही तेच आहे: जन्मघरात राहिला असता तर जिच्याशी लग्न चाललं नसतं, तिच्याशी दत्तक गेल्यावरही चालत नाही. रक्ताला हक्क काही उरत नाही, फक्त मनाई उरते. मला हा निवाडा फार शहाणपणाचा वाटतो.

म्हणून दत्तक मुलाची सोयरीक आली की मी दोन्ही घरांची चौकशी करतो. त्यावर काही यजमान रुसतात, ‘आता तो आमचाच आहे’ म्हणतात. आहेच. कन्यादानाच्या वेळी तीन पिढ्या मी त्यांच्याच उच्चारतो, जन्मघराचं नाव तिथे घेत नाही.