मधमाशीला गणित येतं का?

पवित्र कुरआनातल्या सोळाव्या सूरहचं नावच ‘अन्-नहल’, म्हणजे मधमाशी. डोंगरात, झाडांवर आणि माणसांनी उभारलेल्या ठिकाणी घर करण्याचा इशारा तिला तिच्या पालनकर्त्याकडून मिळाला, असं तिथे सांगितलं आहे. आपल्याकडच्या तकरीरींत या आयतीनंतर पोळ्यातले षटकोन ठरलेले. माशीला गणित कुणी शिकवलं? सभा ‘सुब्हानल्लाह’ म्हणते आणि विषय संपतो. माझी तक्रार त्या उद्गाराबद्दल नाही, विषय संपण्याबद्दल आहे.

कारण खरी मौज पुढेच आहे. एकाच मापाचे सुसम तुकडे फट न ठेवता जुळवायचे, तर त्रिकोण, चौरस आणि षटकोन एवढे तीनच आकार उपयोगी पडतात. शंभर चौरस सेंटिमीटर जागा बंदिस्त करायला त्रिकोणाला सुमारे ४५.६ सेंटिमीटर भिंत लागते, चौरसाला ४० आणि षटकोनाला ३७.२. मेण वाचतं ते इथे. अलेक्झांड्रियाच्या पॅपसने चौथ्या शतकातच माशीची ही काटकसर ओळखली होती. पण सारख्या क्षेत्रफळाचे हवे ते आकार घेतले तरी षटकोनापेक्षा कमी भिंतीत भागत नाही, याची सिद्धता थॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने दिली ती १९९९ साली.

आणि पोळंही अगदी बिनचूक नाही. प्रत्येक घराचा तळ तीन समभुज चौकोनांचा असतो. हंगेरीच्या लास्लो फेयेश टोथ यांनी १९६४ मध्ये दाखवलं, की तिथे दोन षटकोन आणि दोन समभुज चौकोन घेतले तर मेण आणखी कमी लागेल. फरक किंचितच, माशीचं काही अडत नाही. अडतं ते ज्याने आपलं ईमान तिच्या अचूकपणावर टेकवलं त्याचं! आयतीत इशारा आहे. अचूकतेचा दाखला आपण आपल्या पदरचा जोडला.

निसर्गाकडून घ्यायचं म्हणजे त्याची नक्कल करायची, असंही नाही. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळीचं अष्टकोनी कडं आहे. अष्टकोन माशीच्या कामाचा नाही. अष्टकोनाला अष्टकोन लावत गेलं की मध्ये चौकोन उरतो. आपल्या कारागिरांनी नक्षीकामात तो उरलेला चौकोनही सजवला. चित्रांना मनाई म्हणून बिचारे भूमितीकडे वळले, असं म्हणणाऱ्यांनी ही हौस नीट पाहिलेली नसावी. माशी वाचवते, कारागीर उधळतो. हिशेब मात्र दोघांचाही चोख.

वर्गात ही आयत आली की मी मुलांना कंपास काढायला सांगते. वर्तुळ काढायचं आणि तेच अंतर कायम ठेवून परिघावर खुणा करत जायचं. सहा पावलांत टोक पहिल्या खुणेवर परत येतं. ‘सहाच का?’ असं एखाद्या मुलाने विचारलं, की त्या दिवशी पुढचा धडा राहिला तरी चालतो.