बोटांआडची ज्योत

सकाळचा निवांत वेळ काढा. खिडकीपाशी बसा. समोर कोरा कागद आणि शेजारी सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ची एखादी चांगली छापील प्रत ठेवा. रंगांची पेटी अजून उघडू नका. आधी नुसतं बघू या.

एक तरुणी हातात दिवा घेऊन उभी आहे. वाऱ्याने विझू नये म्हणून तिने ज्योतीला हाताचा आडोसा केला आहे. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या हळदणकरांनी हे चित्र १९४५-४६च्या सुमारास रंगवलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे.

आता ज्योत शोधा. ती बोटांआड आहे. तरीही ती नेमकी कुठे तेवते आहे, हे तुम्हाला कळलंच. कशावरून? बोटांतून झिरपणाऱ्या लालीवरून, चेहऱ्यावर पसरलेल्या उजेडावरून, मागच्या सावलीवरून. यांतल्या एकेका जागी नजर थोडा वेळ राहू द्या.

डोळे किलकिले करा. नाक, ओठ, केस विरघळतील आणि उजेडाचे नि काळोखाचे तुकडे उरतील. पेन्सिल घ्या आणि त्या तुकड्यांच्या सीमा हलक्या हाताने कागदावर उतरवा. ‘आता डोळा काढतो’ असं मनात आलं की थांबा. डोळा हाताला पाठ असतो: बदामी आकार, मधे बुबुळ. समोर आहे तो मात्र छायेचा एक तुकडा. तो किती रुंद, नाकापासून किती दूर, एवढंच बघा. एरवी चेहऱ्यावर उजेड वरून पडतो. इथे दिवा चेहऱ्याच्या खाली आहे. म्हणून आपल्या सवयीच्या सावल्या इथे उपयोगी पडत नाहीत, आणि बघावंच लागतं.

आता रंग. सगळा चेहरा नको, एकच बोट घ्या. हे जलरंगातलं काम आहे. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. लख्ख जागी कागदच बोलतो. पातळ पिवळसर हात द्या. वाळू द्या. मग कडेकडेने नारिंगी, पुन्हा वाळू द्या, शेवटी बाहेरच्या बाजूला गडद छटा. ओल्यावर घाई केली तर रंग फुटतो. वाळेपर्यंतचा वेळ वाया जात नाही. तेवढा वेळ मूळ चित्राकडे पुन्हा बघा.

तुमचं बोट हुबेहूब उतरणार नाही. पण कुठे चुकलं ते शेजारी ठेवून तपासता येईल. जिवंत माणूस हलतं, उजेड सरकतो. ही तरुणी मात्र तुमच्यासाठी थांबते. नवशिक्याला यापेक्षा मोठी सवलत कोणती?

झालं की खाली लिहा: ‘हळदणकरांच्या चित्रावरून’. गुरूचं नाव लिहिण्यात कमीपणा नाही.

आणि एक गोष्ट मनात ठेवून उठा. चित्रातली ती तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी, गीता. चेहरा घरातलाच होता. आज दिवेलागणीला तुमच्या घरातल्या कुणाला तरी दिव्यापाशी बसवा, आणि असंच सावकाश बघा.